नातीला पोचवून आलो

मस्कतला आम्ही गेलो ते फिरायला म्हणून नव्हे. लेकीची बाळंतपणाची रजा संपली होती आणि मूल सांभाळायला ठेवलेली बाई अचानक तिच्या देशी निघून गेली होती. लेक तिथल्या एका दवाखान्यात नर्स, जावई त्याच दवाखान्यात एक्स-रे काढायला. दोघांच्याही पाळ्या. एक घरी आला की दुसरा निघाला. "आई, तुम्ही दोघं या. व्हिसा असेल तोवर राहा, पुढचं पुढं बघू," असं लेक फोनवर म्हणाली आणि रडायला लागली. ती तशी रडणाऱ्यातली नाही.

मी नुकतीच अंगणवाडीतून निवृत्त झाले होते. उभा जन्म गावातली लेकरं सांभाळली, त्यांची वजनं केली, त्यांना खिचडी भरवली. आता आपल्या घरचं एक लेकरू सांभाळायचं, त्यात काय अवघड, असं मला वाटलं.

ह्यांना मात्र जायचं नव्हतं. आमचं अणदूरला थोडं रान आहे, दोन म्हशी, चार शेळ्या. ज्वारी हुरड्यात आलेली.

"ज्वारी अशी उभी टाकून म्या इमानात बसू व्हय?"

"मग मी एकटी जाते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दिरांना घेऊन रानात गेले, बांधाबांधानं फिरून सगळं दाखवून आले. दीर म्हणाले, "जा की दादा. ज्वारी काय पळून जातीय व्हय?" तेव्हा कुठं ते तयार झाले.

सोलापूरहून मुंबई, मुंबईहून मस्कत. मला त्या प्रवासातलं आठवतं ते बसून राहणंच. विमानतळावर बसून राहिलो, मग विमानात बसून राहिलो, उतरल्यावर रांगेत उभे राहिलो. ह्यांनी विमानात चपला काढून मांडी घालायला बघितलं, पण त्या खुर्चीत मांडी मावेना. "ह्याच्यापरीस एस्टी परवडली," म्हणाले आणि पाय लोंबकळत ठेवून डोळे मिटून घेतले. उतरलो तेव्हा त्यांच्या पायाला सूज होती. माझी कंबर धरली होती. दारात लेक उभी, कडेवर नात. सात-आठ महिन्यांची, दोन दात आलेले. तिनं आमच्याकडं बघितलं आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं.

चौथ्या मजल्यावरचं ते घर. खिडकीतून नुसते डोंगर दिसायचे, तपकिरी आणि बोडके. हे पहिल्याच दिवशी ते बघून म्हणाले, "आपलं नळदुर्गाकडचं माळरान बरं म्हणायचं. कुसळ तरी उगवतंय." पण संध्याकाळी ते खाली जायला लागले. रस्त्याच्या मधोमध गवत आणि फुलं लावलेली, त्यांना नळीनं थेंब थेंब पाणी. ते पाणी सोडणारे बांगलादेशी गडी ह्यांचे दोस्त झाले. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. तरी ह्यांचं रोज अर्धा तास काहीतरी बोलणं व्हायचं.

मला खाली जायला जमायचं नाही. लेक रात्रपाळी करून आली की तिला झोपू द्यायचं, म्हणून बाळाला दुसऱ्या खोलीत घेऊन बसायचं. जावई दिवसपाळीहून आला की त्याला खायला द्यायचं. जावई गुणाचा आहे. मल्याळी आहे म्हणून लग्नाच्या वेळी आमच्या घरात बरेच दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, पण तो विषय आता कुणी काढत नाही. तो मला "अम्मा" म्हणतो आणि जेवलं की स्वतःचं ताट स्वतः धुतो. तर सगळं चांगलंच होतं. फक्त मी थकले होते. अंगणवाडीत लेकरं दुपारी आपापल्या घरी जायची. हे लेकरू कुठं जाणार? दात येत होते, अंग तापायचं, रात्रभर खांद्यावर. मी थकले की हे घ्यायचे. हे जिभेनं शेळ्या हाकारल्यासारखा टकटक आवाज काढायचे आणि ती रडता रडता थांबून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. महिन्याभरात ती आम्हा दोघांची झाली. आई ड्युटीवरून आली तरी माझा पदर सोडेना. लेक हात पुढं करायची आणि ही तोंड फिरवायची. लेक हसून आंघोळीला निघून जायची. ते हसू मला दिसायचं.

एकदा दुपारी लेक घरी आली तेव्हा मी भिंतीला टेकून झोपले होते. मांडीवर बाळ झोपलेलं, माझ्या हातात दुधाची बाटली तशीच. तिनं मला उठवलं नाही. मी डोळे उघडले तेव्हा ती समोर फरशीवर बसून आमच्याकडं बघत होती. ड्युटीचे कपडेही बदलले नव्हते.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी, मी कणीक मळत असताना, ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, तुमचा व्हिसा संपत आला."

"व्हय. मग हिला घेऊन जातो आम्ही. मी ह्यांच्याशी बोललेय. पाळणा बांधायला कडी आहेच माजघरात."

तिनं ओट्यावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा केलं. मग म्हणाली, "आम्ही हिला केरळला ठेवायचं म्हणतोय. सासूबाईंकडं. शाळेची होईपर्यंत."

माझे हात कणकेत तसेच राहिले. "आणि आमच्याकडं का नाही?"

"उन्हाळ्यात तुमच्याकडं आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, आई. ताप चढला तर सोलापूर गाठायला लागतं. तिकडं दवाखाना घराच्या मागं आहे."

"गावातली इतकी लेकरं मी वाढवली. ती काय मेली?"

"तेव्हा तू थकली नव्हतीस."

रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. पण ती हळू आवाजात म्हणाली, आजाऱ्याशी बोलतात तशी. मी कणीक मळून पूर्ण केली. पोळ्या केल्या. त्या दिवशी सगळ्या पोळ्या कडक झाल्या आणि सगळ्यांनी त्या तशाच खाल्ल्या.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "अगं, आपला खंडोबा बी अणदूरला ऱ्हातो आन् नळदुर्गाला बी ऱ्हातो. देवाला दोन घरं चालत्यात. पोरीला न चालायला काय झालं?"

"देव रडत नाही," मी म्हणाले.

लेकीला आणि जावयाला रजा मिळत नव्हती. म्हणून बाळाला केरळात पोचवायचं काम आमच्यावरच आलं. मस्कतहून कोची, तिथं थोडे दिवस राहून बाळ रुळलं की रेल्वेनं सोलापूर. निघताना विमानतळावर लेकीनं बाळाला एकदाच छातीशी धरलं आणि माझ्या हातात दिलं. ती पुन्हा वळून आली नाही. काचेपलीकडं जावई हात हलवत उभा राहिला. आत खिडकीवरच्या माणसानं आई कुठाय म्हणून विचारलं. आईबापांनी सही केलेला कागद दाखवला तेव्हा त्यानं पुढं सोडलं. विमान वर चढताना बाळाचे कान दुखले असावेत, तिनं जो टाहो फोडला तो समुद्र अर्धा होईपर्यंत. हे तिला घेऊन त्या चिंचोळ्या वाटेवर येरझारा घालत होते, सुजलेल्या पायांनी, आणि टकटक करत होते. आजूबाजूची गडीमाणसं, कामावरून घरी निघालेली, झोपमोड होऊनही कुणी कपाळाला आठी घातली नाही.

कोचीला व्याही गाडी घेऊन आले होते. ते फौजेत होते, त्यामुळं त्यांना हिंदी येतं. विहीणबाईंना फक्त मल्याळम. लग्नात भेटलो होतो तेवढंच. घर पाण्याच्या कडेला, मागं नारळ आणि एक फणसाचं झाड. दारात विहीणबाई उभ्या. माझ्यापेक्षा उंच, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्याच म्हाताऱ्या. त्यांनी हात पसरले. "वा, मोळे, वा." आम्हाला वाटलं कौतुक चाललंय. नंतर व्याह्यांनी सांगितलं, 'वा' म्हणजे 'ये' आणि 'मोळे' म्हणजे 'पोरी'.

बाळ गेलं नाही. माझ्या खांद्याला चिकटलं आणि किंचाळायला लागलं.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. विहीणबाईंनी भाताची पेज केली, केळं उकडून कुस्करलं. त्यांच्या हातून घास घेईना. माझ्या हातून तेच केळं खायची. आंघोळ त्यांनी घालायला घेतली तर पाण्यातून माझ्याकडं हात करायची. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. विहीणबाई ओल्या पदराला हात पुसत आत जायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्याही आमच्या खोलीच्या दारात आले. चहाचे दोन ग्लास त्यांनी स्वतः आणले होते.

"भाभीजी, बुरा मत मानना. जब तक आप सामने हैं, बच्ची उसके पास नहीं जाएगी."

"म्हणजे?" हे म्हणाले.

"थोड़ा दूर रहना पड़ेगा. दिखना नहीं चाहिए."

ते बरोबर सांगत होते. अंगणवाडीत पहिल्यांदा येणाऱ्या लेकरांच्या आयांना मी हेच सांगायचे. "बाई, तू जा. तू दिसलीस की ते रडणारच. तू गेल्यावर घटकाभरानं गप्प होतंय." किती सहज सांगायचे मी हे.

तेव्हापासून आमचं लपणं सुरू झालं. सकाळचा चहा झाला की हे बाहेर पडायचे. कालव्याच्या कडेला एक चहाचं दुकान होतं, तिथं बाकावर बसून राहायचे. मी मागच्या फणसाखाली एका ओंडक्यावर बसायची. तिथून घर दिसायचं पण घरातलं माणूस दिसायचं नाही. ऐकू मात्र सगळं यायचं. बाळ रडायचं. विहीणबाईंचा आवाज यायचा, "करयण्डा, करयण्डा." रडू नको म्हणत असणार. मग भांड्यावर काहीतरी वाजवण्याचा आवाज. मग पुन्हा रडणं. मी उठायची आणि परत बसायची. अंगाला घाम, डास, वरून फणसाचा तो गोडसर वास. घरातलं माणूस असून परक्यासारखं त्यांच्या परसात बसले होते. भूक लागली तरी आत जायची सोय नव्हती. विहीणबाई बाळाला झोपवून मागच्या दारानं हळूच ताट आणून द्यायच्या. भात, मासा नाही, आमच्यासाठी म्हणून सांबार. मी जेवेपर्यंत त्या पायरीवर बसायच्या. दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि खरं तर येत असती तरी आम्ही काय बोललो असतो?

एके दुपारी मी बघितलं, त्या पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. गुडघा चांगलाच सुजला होता. व्याही तिथंच नारळाच्या झावळ्या ओढत होते. विहीणबाई त्यांना काहीतरी म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

"क्या बोलती हैं?" मी विचारलं.

व्याह्यांनी हातातली झावळी खाली ठेवली. "बोलती है, उसने बेटे को मना किया था. बोली थी, मेरे से अब नहीं होगा. फिर रात भर सोई नहीं. सुबह फोन किया, ले आओ."

मी त्या गुडघ्याकडं बघत राहिले. इतके दिवस मला वाटत होतं, ह्या बाईनं माझं लेकरू मागून घेतलं. तिनं मागितलंच नव्हतं. तिच्यावरही ते येऊन पडलं होतं, माझ्यावरून उतरलं तसं.

"त्यांना सांगा," मी मराठीतच म्हणाले, मग हिंदीत जुळवलं, "बोलो उनको, मेरा कमर भी गया."

व्याह्यांनी सांगितलं. विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागल्या. मी पण हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मग मी त्यांच्या हातातली तेलाची वाटी घेतली आणि त्यांचा गुडघा चोळून दिला. त्या नको नको म्हणत राहिल्या, निदान मला तसं वाटलं, पण पाय काही मागं घेतला नाही.

त्यानंतर किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. रोज रडण्याचा आवाज थोडा कमी येत होता. एका सकाळी मी फणसाखाली बसले आणि वाट बघत राहिले. बाळाचा आवाज नाही. पाखरं ओरडत होती, कालव्यातून होडीचं इंजिन गेलं. बराच वेळ झाला. मला भीती वाटली, म्हणून मी मागच्या दारापर्यंत गेले आणि फटीतून बघितलं. विहीणबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, सुजलेला पाय लांब पसरून. बाळ त्यांच्या पोटावर पालथं झोपलं होतं. त्याची मूठ त्यांच्या गळ्यातल्या साखळीत अडकली होती.

जे व्हायला हवं होतं तेच झालं होतं. मी परत ओंडक्यावर येऊन बसले. तिथं मी रडले, मनसोक्त, आणि रडून झाल्यावर मला इतकी गाढ झोप आली की झाडाला टेकून मी तिथंच झोपले.

निघायचा दिवस व्याह्यांनी ठरवला. बाळ जेवत असताना निघा, म्हणाले, म्हणजे तिचं लक्ष नसेल. ह्यांनी ऐकलं नाही. ह्या माणसानं आयुष्यात कधी कुणाला उलटून उत्तर दिलेलं मी बघितलं नव्हतं, पण तेव्हा ते चपला घालून थेट स्वयंपाकघरात गेले. बाळ विहीणबाईंच्या मांडीवर बसून भात खात होतं. ह्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं वर बघितलं, हसली, शितं चिकटलेला हात त्यांच्या धोतराला पुसला आणि पुन्हा घासासाठी तोंड उघडलं. ते बाहेर आले.

"चल," म्हणाले. "चांगली हाय ती."

रेल्वेत आम्हाला समोरासमोर खिडकीच्या जागा मिळाल्या होत्या. पहिल्या संध्याकाळपर्यंत नारळ आणि पाणी, मग डोंगर, मग अंधार. सकाळी जाग आली ती उकाड्यानं. बाहेर लाल रान, दगड, बाभळी. डब्यात पंखे गरम हवाच फिरवत होते. माझे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे मला कळत नव्हतं. पिशवी मांडीवर घेतली, परत खाली ठेवली. समोरच्या बाकावर एक बाई तान्हं घेऊन बसली होती. ते रडायला लागलं तेव्हा ह्यांची जीभ टाळूला लागलेली मला दिसली, पण आवाज काही त्यांनी काढला नाही. खिडकीबाहेर बघू लागले.

रायचूर गेलं. मग रान काळं व्हायला लागलं. ज्वाऱ्या काढून झाल्या होत्या, जागोजागी कडब्याच्या गंजी.

"आपली बी काढली आसंल," हे म्हणाले. कित्येक तासांत ते पहिल्यांदा बोलले.

"काढली. भाऊजींनी फोन केला होता की."

"व्हय व्हय. इसरलो."

सोलापूरला उतरलो तेव्हा त्यांना डब्याच्या पायऱ्या उतरवेनात. एका हमालानं हाताला धरून उतरवलं. तिथून बस. अणदूरच्या फाट्यावर हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांच्या धुरळ्यात उभं राहिलो तेव्हा मला वाटलं, आता कुणी दोन पावलं पुढं चल म्हटलं तरी मी खाली बसेन. दीर मोटारसायकल घेऊन आले. आधी सामान गेलं, मग मी, मग हे.

जावेनं भाकरी आणि डाळ करून ठेवली होती. जेवलो आणि झोपलो. दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. परदेश बघून आलेली जोडी. कुणाला खजूर हवा होता, कुणाला विमानातलं ऐकायचं होतं. ह्यांना कुणीतरी विचारलं, "आप्पा, कसा हाय वो परदेस?"

"लई लांब हाय," ते म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला उठले.

नात सुरुवातीला फोनवर आम्हाला बघून फोनच्या मागं शोधायची. विहीणबाई हसत फोन उलटा करून दाखवायच्या की मागं कुणी नाही. मग तिनं शोधणं सोडलं. मग ती बोलायला लागली, मल्याळममध्ये. मी "काय केलं आज?" म्हणायची, ती काहीतरी लांबलचक सांगायची, आणि फोनच्या कडेला विहीणबाईंचा अर्धा चेहरा मान डोलवायचा. त्यांचे पाय कसे आहेत, एवढं मी व्याह्यांकडून विचारून घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात लेकीला आणि जावयाला एकदम रजा मिळाली. ते केरळात गेले आणि तिथून सगळेच आमच्याकडं आले, व्याही-विहीणसुद्धा. फाट्यावरून जीप केली होती. नात आता तुरुतुरु चालणारी, अंगात हिरवा झगा. जीपमधून उतरली, आमच्याकडं एकदा बघितलं आणि विहीणबाईंच्या पाठीमागं गेली. तिच्या आईनं "अगं, आजी आहे ना तुझी, जा," म्हणून तिला पुढं ढकललं.

"राहू दे," मी म्हणाले. "बोलावू नका तिला. येईल."

विहीणबाई मात्र जीपच्या दारालाच धरून उभ्या होत्या. गुडघा ताठला होता. डोळ्याखाली काळं झालेलं. मी त्यांना हात देऊन अंगणात आणलं, लिंबाखालच्या बाजेवर बसवलं, पाय वर घेऊन दिले. त्या काहीतरी बोलल्या. मी म्हटलं, "मलाही तेच वाटतं." लेक हसली. "आई, त्या काय म्हणाल्या ते तुला कळलं का?"

"न कळायला काय झालं?"

बाज रुंद होती. चहा होईपर्यंत टेकावं म्हणून मी त्यांच्या शेजारी आडवी झाले. घरात लेकीचा आणि जावेचा आवाज होता, व्याही ह्यांच्या मागं गोठा बघायला गेले होते. विहीणबाईंच्या अंगाला खोबरेल तेलाचा वास येत होता. दोघींनाही कधी झोप लागली ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. विहीणबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या. अंगणाच्या पलीकडं नात एका कोंबडीच्या मागं फिरत होती आणि तिच्या मागं हे, हात पाठीला लावून, हळूहळू. उठून चहाचं बघायला हवं होतं. मी तशीच पडून राहिले.